धुऱ्यावर बसू द्याल का?

पत्रक लिहायला शिकलो तेव्हा पहिला धडा असा मिळाला की, दोष कुणाचा ते पहिल्याच ओळीत सांगून टाकायचं. बाजारातला माणूस घाईत असतो. कागद हातात पडल्याबरोबर त्याला कळलं पाहिजे, आपल्याला कोण नाडतंय. मी तशीच पत्रकं लिहीत आलो, मूल, सावली या गावांच्या बाजारांत उभा राहून वाटत आलो. पण थोरल्या बहिणीची हकीकत लिहायला बसलो तेव्हा ती पहिली ओळ काही जमेना. दोष द्यायला माणसं पुष्कळ होती, आणि मी एकेकाला तो देऊनही पाहिला. त्यानं बहीण काही उठली नाही.

तेव्हा सरळच सांगतो. ती झोपून होती.

आम्ही मासे धरणारी माणसं. तलावात, नदीत जाळं टाकायचं आणि धानाच्या दिवसांत दुसऱ्याच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, मजुरीला जायचं. आमचं गाव सावलीच्या अंगाला. थोरल्या बहिणीला मी बाई म्हणतो. बाईला दिलं होतं वैनगंगेच्या पलीकडं, चामोर्शीच्या बाजूला. ती माणसंही आमच्यातलीच, पण त्यांच्याकडं स्वतःची थोडी धानाची शेती होती आणि बाईच्या सासऱ्याला त्या शेतीचा मोठा ताठा होता. उन्हाळ्याच्या तोंडी, मोहफुलं वेचायच्या दिवसांत तो आणि बाईचा नवरा तिला बैलबंडीत घालून आमच्या दारात सोडून गेले. तिची मुलगी नुकती पावलं टाकायला लागली होती. ती त्यांनी ठेवून घेतली.

सासरा बंडीवरून उतरलासुद्धा नाही. वरूनच आमच्या बाबाला म्हणाला, "रोवण्यापर्यंत उठली तं घेऊन जाऊ. नाई उठली तं पोरासाठी दुसरी पाहावं लागन. पोरगी आमच्या घरची, ते आमच्याकडंच राहीन."

बाबानं मान हलवली.

रोवणा म्हणजे काय ते ज्यांनी चिखलात पाय घातला नाही त्यांच्यासाठी सांगतो. धानाची रोपं आधी दाट वाढवायची, मग उपटून, जुड्या बांधून, चिखल केलेल्या बांधीत एकेक करून पुन्हा लावायची. बायका ओळीनं कमरेत वाकतात आणि मागं मागं सरकत जातात. एकीनं कंबर सरळ केली तर ओळ मोडते, आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा असलेला मालक ओरडतो. सकाळी वाकलेली मजूरीण भाकरीपुरती ताठ होते आणि पुन्हा दिवेलागणीला. बाईनं ते काम लहानपणापासून केलं होतं. आदल्या साली बाळंत होऊन उठल्या उठल्याही केलं होतं. त्यानंतर कधीतरी ती आतून थांबली. नेमकी कधी, ते तिलाही सांगता येत नाही.

आमच्याकडं आली तेव्हा ती सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. पाण्यातून काढून ओट्यावर टाकलेलं जाळं असतं ना, तशी. ताप नाही, खोकला नाही, कुठं दुखत नाही. भाकर पुढं ठेवली तर तुकडा मोडायची आणि हातातच धरून ठेवायची. माय तिचे केस विंचरायला बसली की बाई डोकं भिंतीला टेकवून म्हणायची, "राहू दे माय." एवढे दोन-तीन शब्दच तिच्याकडं शिल्लक होते. केसांचा गुंता होत गेला आणि मायनं फणी कोनाड्यात ठेवून दिली.

इलाज झाले. गावच्या पुजाऱ्यानं बाहेरचं लागलंय म्हणून कोंबडी घेतली आणि लिंबू कापलं. दवाखान्यातल्या डॉक्टरनं नाडी पाहिली, लाल औषधाची बाटली दिली आणि इंग्रजीत काहीतरी पुटपुटून शेवटी मराठीत म्हणाला, "कामाला लावा, आळस आहे." पुजाऱ्याचा मला राग आला, पण डॉक्टरचा जास्त आला. पुजाऱ्यानं निदान ती आजारी आहे हे तरी मान्य केलं होतं.

मी स्वतः त्या वेळी काही धडधाकट नव्हतो. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली, तलाव सरकारकडं गेले, आणि मासे धरायचा मक्ता बाहेरच्या ठेकेदारांना मिळू लागला. आधी मालगुजाराची मेहेरबानी, आता ठेकेदाराची. त्याविरुद्ध आम्ही काही पोरं गावोगाव हिंडत होतो. हिंडून काय झालं ते विचारू नका. अर्ज गेले, सभा झाल्या, तलावावर ठेकेदाराचा माणूस बसला तो बसलाच. एका सभेत मी बोलायला उभा राहिलो आणि तोंडातून शब्द निघेना. घसा बसला नव्हता. बोलावंसंच वाटेना. सोबत्यांनी मला मूलच्या पुढं भरलेल्या एका निसर्गोपचाराच्या शिबिरात नेऊन टाकलं. तिथं उकडलेली भाजी, पोटावर ओली माती, आणि सकाळी एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या हाताखाली हळू हळू हात हलवायचे.

तो प्रकार असा. पाय थोडे लांब ठेवून उभं राहायचं, गुडघे सैल. श्वास घेत दोन्ही हात बाजूनं वर आणायचे, पाण्यातून वर येत असल्यासारखे सावकाश. खांद्यापर्यंत आले की थांबायचं. श्वास सोडत खाली न्यायचे, आणि सोडताना घशातून बारीक 'हूं' येऊ द्यायचा. मग तळवे चोळायचे, समोरासमोर थोडे दूर धरायचे, आणि शेवटी डोळ्यांवर ठेवायचे. ते म्हणायचे, प्राण हातांत उतरतो. मी भुताखेतांविरुद्ध पत्रकं वाटलेला माणूस. प्राण मी पाहिला नाही, तेव्हा त्याबद्दल काही बोलत नाही. तळवे ऊन होतात हे खरं. मधल्या भोपळ्याएवढ्या जागेत काहीतरी आहे असं वाटतं, हेही खरं. आणि कित्येक दिवसांनी मला झोप लागली, ते तर खरंच.

तरी मी त्यांना सुनावलं होतं, "असे हात हलवून आमचे तलाव परत मिळतील का?"

ते म्हणाले, "मिळाले तर तिथपर्यंत चालत जाल ना? त्यापुरतं करा."

घरी आल्यावर मी सकाळी अंगणात तेवढं करत राहिलो. बाईला बोलावलं नाही. बोलावून, समजावून, रागावून सगळ्यांचं झालं होतं, आणि माणूस पडलेला असताना त्याला 'ऊठ' म्हणणं किती कडू लागतं ते शिबिरात मी चाखून आलो होतो. सपरीसमोरच उभा राहायचो, एवढंच. बाबा ओट्यावर जाळं सांधत बसलेला असायचा. तो म्हणायचा, "बगळा बनून राह्यला का गा?"

"हाव," मी म्हणायचो.

"मग मासा धर एखादा. ठेकेदाराले नाई दिसणार."

असं काही दिवस चाललं. मग एका सकाळी पाहिलं तर बाई भिंतीकडून इकडं वळलेली होती. डोळे उघडे. पडल्या पडल्या तिचे तळवे वर झाले होते आणि माझे हात वर गेले की तिची बोटं चटईवरून थोडी उचलली जात होती. मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. बाबानंही पाहिलं. त्या दिवशी तो बगळा म्हणाला नाही.

आणखी काही दिवसांनी ती उठून बसली आणि बसल्या बसल्या हात वर करू लागली. मग एकदा भिंत धरून अंगणात आली. पहिल्या दिवशी ती मध्येच थांबली आणि रडायला लागली. "काऊन रडून राह्यली तू?" मायनं विचारलं. "मालूम नाई," बाई म्हणाली. "रडू दे." रडून झाल्यावर तिनं भाकर मागितली.

मी हे चमत्कारासारखं सांगत नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा भिंतीकडं तोंड करून पडली. नंतर दोन पावलं पुढं आली, मग पुन्हा पडली. पण आता पडलेलीसुद्धा तळवे चोळून डोळ्यांवर ठेवायची. मी एकदा विचारलं, त्यानं काय होतं? ती म्हणाली, "अंदर कोणी घरी असल्यासारखं वाटते."

आता मुद्द्यावर येतो.

आमच्या समोर एक म्हातारी राहते, सगळं गाव तिला आजी म्हणतं. ती एका सकाळी चुलीसाठी विस्तव मागायला आमच्या अंगणात आली. बाई त्या वेळी उगवतीकडं तोंड करून उभी होती. डोळे मिटलेले, केस मोकळे आणि गुंता झालेले, कारण फणी अजून कोनाड्यातच होती. हात सावकाश वर जात होते, अंग किंचित डुलत होतं, आणि श्वास सोडताना घशातून येत होतं, हूं. आमच्याकडं एखादीच्या अंगात देवी येते तेव्हा ती अशीच दिसते. केस असेच, डुलणं असंच, हुंकारही असाच. शिबिरातल्या त्या गृहस्थांना हे माहीत असतं तर त्यांनी 'हूं' तरी गाळला असता.

आजीनं विस्तवाची खापरी खाली ठेवली आणि पदर डोक्यावर ओढला.

"माय वो," ती हळूच म्हणाली, "कोण आली तू?"

बाईनं श्वास सोडला. हूं.

"आली तं आली. रागानं आली का खुशीनं आली?"

"आजी, कोणी आलं नाई," मी म्हणालो. "हा व्यायाम आहे. मी शिकवला."

"तू चूप बस गा," आजी म्हणाली. "तू कागद वाट."

दुसऱ्या दिवशी अंगणात सहा-सात बायका. हळद, कुंकू, एकीच्या हातात नारळ. मी त्यांना चांगलं भाषण दिलं. देवी अंगात येणं म्हणजे काय, त्यावर पुजारी कसे जगतात, बाईमाणसाला बोलायला दुसरी जागा नसते म्हणून हे कसं घडतं, सगळं सांगितलं. बोलणं इतक्या दिवसांनी परत आलं होतं, त्यामुळं लांबलंही. बायकांनी ऐकून घेतलं. मग एकीनं मला बाजूला सारून बाईसमोर हात जोडले.

"माही गाय हरपली माय. कुठी आहे?"

बाईनं डोळे उघडले. "मले काय माहीत व?" ती म्हणाली. "शोधून पाह्य ना."

ती गाईवाली शोधायला गेली आणि गाय तलावाच्या पाळीवर चरताना सापडली. झालं. माझं भाषण संपलं.

त्यानंतर रोज सकाळी बायका येऊ लागल्या. प्रश्न विचारणाऱ्या थोड्या. बाकीच्या नुसत्या बसायच्या, रानातून, नदीवरून येऊन टेकायच्या. एखादी बसल्या बसल्या बाईसारखे हात वर करायची, तळवे डोळ्यांवर ठेवायची आणि तशीच राहायची. बाईच्या पायावर कुंकू पडायचं. मायच्या चेहऱ्यावर कळा आली होती. घरात नारळ साठले होते आणि कुणी 'तुही पोरगी काऊन झोपून राह्यते' म्हणून विचारत नव्हतं.

मला हे सहन होईना. एका दुपारी बाई सपरीत सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. तेवढं ती आता करत होती. मी तिच्यासमोर जाऊन बसलो आणि म्हणालो, हे बंद कर. मी बाजारात उभा राहून लोकांना सांगतो देवी नसते, आणि माझ्याच अंगणात देवी.

"तू काऊन बोंबलून राह्यला?" ती सूप न थांबवता म्हणाली. "मी कुठी म्हणलं देवी आहो म्हणून?"

"पण तू नाई म्हणत नाई."

"म्हणली ना. गाईवालीले म्हणली. तिले गाय सापडली." तिच्या तोंडावर हसू यायला आलं आणि अर्ध्यावर थांबलं. मग ती म्हणाली, "भाऊ, मी आली तवापासून सगळे म्हणत होते, जेव, ऊठ, काम कर. बाजूले येऊन कोणी चूप बसलं नाई. आता बाया येतेत, बसतेत, चूप राह्यतेत. मले बरं वाटते."

"त्या तुह्याजवळ नाई बसत. देवीजवळ बसतेत."

बाईनं सूप खाली ठेवलं. "मालूम आहे मले," ती म्हणाली, आणि उठून आत जाऊन पडली.

त्या दिवशी ती पुन्हा भिंतीकडं तोंड करून होती. मायनं मला जेवायला वाढलं पण माझ्याकडं पाहिलं नाही. मी खरं बोललो होतो, आणि त्या घरात माझ्याइतका नकोसा दुसरा कोणी नव्हता.

बातमीला नदी आडवी येत नाही. चामोर्शीच्या बाजारात मासे विकायला गेलेल्या आमच्या बायकांनी ती पलीकडं पोचवली होती. पावसाळा लागून गेला होता, रोपं हातभर झाली होती, बांध्यांत चिखल सुरू होता. सासऱ्यानं दिलेली मुदत संपत आली होती. आम्ही वाट पाहत होतो की निरोप येईल, आम्ही दुसरी पाहिली म्हणून. निरोपाऐवजी तो स्वतःच आला. नदी भरलेली, डोंग्यातून आला, सोबत बाईचा नवरा. हातात नवं लुगडं, त्यावर नारळ. मुलगी आणली नव्हती.

बाबानं खाट टाकली. सासरा खाटेवर बसला नाही. बाईसमोर खाली, जमिनीवर बसला. बंडीवरून न उतरलेला तोच माणूस. लुगडं तिच्या पायापाशी सरकवून म्हणाला, "माय, चुकी झाली असन तं पोटात घाल. घरी चाल. पळसाखाली ओटा बांधून ठेवला. आमच्या गावात कोणाच्या घरी अशी आली नाई."

आपल्या सुनेला तो माय म्हणत होता. मला हसू आलं नाही. मला ओरडावंसं वाटलं. पण बाजूला मायचं तोंड दिसलं, बाबाचं दिसलं, आणि दोघांच्या तोंडावर एकच होतं: हो म्हण. काय जातं? हो म्हटलं की पोरगी परत मिळते, घर मिळतं, मान मिळतो, दुसरी बायको येत नाही. मी तोंड उघडलं. बाईनं माझ्याकडं न पाहता हात वर केला. "तू थांब," ती म्हणाली.

मग तिनं लुगडं उचललं आणि सासऱ्याच्या मांडीवर परत ठेवलं.

"मामाजी, देवी-गिवी काई नाई," ती म्हणाली. "माहं मन बसलं होतं. आताही बसते, मंधामंधात. सकाळी हात हलवतो, दम घेतो, त्यानं उठता येते. ह्या भावानं शिकवलं. एवढंच आहे. मले माही पोरगी पाहिजे."

बाहेर आजी दाराशी उभी होती, तिच्या मागं आणखी दोघी. सासऱ्याचा चेहरा हळूहळू जुन्या जागी आला. तो जमिनीवरून उठला, धोतर झटकलं आणि खाटेवर बसला.

"मग रोवण्याले येशीन का?"

"येईन."

"सगळा रोवणा?"

"जमन तेवढा. नाई जमला तं घडीभर धुऱ्यावर बसीन." तिनं सासऱ्याकडं पाहिलं. "धुऱ्यावर बसू द्याल का?"

केवढंसं मागणं. दिवसातून घडीभर बांधावर टेकायचं. माझ्या सगळ्या पत्रकांत मिळून एवढी लहान मागणी कधी छापली नव्हती, आणि तिला उत्तर द्यायला त्या माणसाला इतका वेळ लागला. तो लुगड्याची घडी नीट करत राहिला. शेवटी बोलला तो बाईचा नवरा. आल्यापासून त्यानं तोंड उघडलं नव्हतं. तो जमिनीकडं पाहत म्हणाला, "बसजो. पोरगी रोज दाराकडं पाह्यते."

बाई त्याच दिवशी गेली. मायनं कोनाड्यातली फणी काढली आणि या वेळी बाईनं डोकं पुढं केलं. गुंता सुटेना, तेव्हा मायनं तेवढे केस कापून टाकले. मी घाटापर्यंत सोबत गेलो. डोंग्यात बसण्याआधी ती पाण्याकडं पाहत उभी राहिली आणि दोन्ही तळवे चोळून डोळ्यांवर ठेवले. तिचा नवरा हातात चपला धरून वाट पाहत राहिला. सासरा डोंग्यात दुसरीकडं तोंड करून बसला होता.

मी परतताना फार थकलो होतो. वाटेत आजी भेटली. म्हणाली, "गेली का देवी?"

"देवी नव्हती आजी. तिनं तुह्यासमोर सांगितलं."

"सांगन नाई तं काय करन," आजी म्हणाली. "देवी काय आपलं नाव सांगत फिरते?"

मी पुढं चालू लागलो. वाद घालण्याइतकं अंगात नव्हतं.

रोवणा अर्ध्यावर आला असताना मला पत्रकं घेऊन चामोर्शीच्या बाजाराला जायचं होतं. तलावांच्या मक्त्याचं तेच जुनं पत्रक, फक्त पुन्हा छापलेलं. वाटेत बाईच्या गावाकडं वळलो. तिच्या सासरच्या बांधीत दहा-बारा बायका ओळीनं वाकलेल्या, पाठीवर घोंगड्या. सासरा छत्री घेऊन धुऱ्यावर उभा. बाई ओळीच्या मधोमध होती. बाजूला धुऱ्यावर तिची मुलगी चिखलाचे गोळे करत बसली होती. मी लांबच थांबलो.

मी पाहत असतानाच बाई ताठ झाली. रोपांची जुडी पाण्यात सोडून दिली, पाय चिखलात रोवले, डोळे मिटले आणि हात सावकाश वर आणले. ओळ थांबली. मी सासऱ्याकडं पाहिलं. आता हा ओरडणार, असं मला वाटलं. त्यानं छत्री मिटली. हातातली छत्री मिटून, पावसात भिजत, डोकं थोडं खाली घालून तो उभा राहिला. बाईचे हात खाली आले. ती चिखलातून पाय ओढत धुऱ्यावर आली आणि मुलीजवळ बसली. सासऱ्यानं तिच्यासाठी जागा केली.

मी जवळ गेलो. "बाई, हे काय?" मी हळू आवाजात विचारलं. "तू तर सांगितलं होतं ना, देवी नाई म्हणून?"

"आणखी दोनदा सांगितलं," ती म्हणाली. तिचा चेहरा काही फुललेला नव्हता. डोळ्यांखाली काळं होतं, ओठ सुकलेले होते. पण ती माझ्याकडं पाहून बोलत होती. "आयकत नाई तं काय करू? परवा म्हणलं, थकली, बसू द्या. तं मामाजी म्हणते, सगळ्याच थकल्या, वाक. मंग मी उभी राहून दम घेतला, तं आपणच बाजूले झाला."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. थकलेल्या बाईला हा माणूस चिखलातून बाहेर येऊ देत नाही, आणि देवीसाठी पावसात छत्री मिटतो. मी त्याच्याकडं जाणार होतो. काय बोलायचं तेही तयार होतं.

तेवढ्यात ओळीच्या टोकाला एक पोरसवदा बाई कमरेवर हात ठेवून सरळ झाली. तिचं तान्हं धुऱ्यावर झोळीत होतं. ती अंगानं सुकलेली, तोंड पांढरं पडलेलं. ती नुसतीच उभी राहिली, कुठंच न पाहता. ते पाहणं मी ओळखत होतो. सपरीतल्या भिंतीकडं बाई तसंच पाहायची.

"तुले काय झालं व?" सासरा ओरडला. "ओळ मोडून राह्यली. वाक."

ती वाकली नाही. तिला ऐकूच आलं नसावं.

बाईनं मुलीच्या डोक्यावरचा हात काढला. मोठ्या आवाजात, सगळ्या बांधीला ऐकू जाईल असं म्हणाली, "मामाजी, तिले पण आली."

सासऱ्याचं तोंड अर्धं उघडं राहिलं. त्यानं बाईकडं पाहिलं, त्या पोरीकडं पाहिलं. पोरीचे हात तिच्या अंगाला चिकटलेलेच होते, कसला हुंकार नाही, काही नाही. बाईची नजर त्याच्यावरून हलली नाही. शेवटी तो एक पाऊल मागं सरकला.

"येऊ द्या तिले इकडं," बाई म्हणाली.

ती पोरगी धुऱ्यावर येऊन बसली. बाईनं तिचे चिखलाचे हात आपल्या हातांत घेतले, चोळले, आणि तिचे तळवे तिच्याच डोळ्यांवर ठेवले. मधे बसलेल्या मुलीनंही आपले चिखलाचे हात डोळ्यांवर ठेवले आणि तिचं तोंड भरून गेलं.

बाई खोटं बोलली होती. माझ्या खांद्याला पिशवी होती, पिशवीत पत्रकं होती, आणि मी काही बोललो नाही.

बांधीत दोन जागा रिकाम्या झाल्या होत्या. बाकीच्या बायका थोड्या थोड्या सरकल्या, ओळ जुळवली आणि पुन्हा वाकल्या. त्यांच्या वाट्याला तेवढी जास्त रोपं आली. घोंगड्यांखालून मागं सरकत असताना त्यांतली एक वर न पाहताच म्हणाली,

"बाई, उद्या माह्या अंगात येऊ दे व. कंबर मोडून गेली."

"तुह्या परवा," दुसरी म्हणाली. "उद्या मले सांगून ठेवलं तिनं."

घोंगड्यांखाली हसू फुटलं. सासऱ्यानं छत्री उघडली आणि दुसऱ्या बांधीकडं पाहत उभा राहिला.